किती झाल्या?

आमच्या घरात वेळेची दोन मापं होती. घराबाहेरची वेळ घड्याळात मोजायची, ओट्यावरची शिट्ट्यांत. "कुकर लावलाय, चार झाल्या की बंद करा हो," असं बजावून ही आंघोळीला जायची आणि मी पेपरातून डोकं वर न काढता चार मोजायचो. इतक्या वर्षांच्या संसारात स्वयंपाकातला माझा वाटा एवढाच. त्यातही अग्रलेख रंगलेला असला की आतून "किती झाल्या?" असा प्रश्न यायचा, मी अंदाजानं "तीन" म्हणायचो आणि त्या दिवशी भाताचं खिमट व्हायचं.

यंदा ही धाकटीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली आणि जयपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या हाउसिंग बोर्डाच्या घरात मी आणि गॅसची शेगडी असे दोघेच उरलो. "बाबा, तू गॅस चालू ठेवून गच्चीवर जाशील," असं म्हणत मोठीनं इलेक्ट्रिक प्रेशर कुकर मागवून दिला. आरोपात तथ्य असल्यामुळे मी वाद घातला नाही.

खोक्यातून निघालेली वस्तू कुकरपेक्षा अंतराळात सोडायच्या यानासारखी होती. भाताचं बटण, डाळीचं बटण, इडलीचं बटण, शिवाय दह्याचंही. पण पहिली अडचण बटणांच्या आधीच आली. वायरीच्या टोकाला जाड पिनांचा प्लग, आणि आमच्या ओट्याजवळची सॉकेटं सगळी मिक्सरच्या ऐपतीची. पंधरा अँपियरची घरात दोनच: एक न्हाणीघरात गिझरचं आणि दुसरं झोपायच्या खोलीत, खिडकीतल्या एसीचं. थंडीमुळे एसी सुट्टीवर होता. त्यामुळे आमचं पहिलं वरण झोपायच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर शिजलं. शेजारी जयपुरी रजईची घडी होती. तिला अजून हिंगाचा वास येतो.

शिजलं म्हणतो, पण ते नंतर. आधी नाशिकला फोन लावला.

"डाळ किती वेळ ठेवू?"

"चार शिट्ट्या."

"याला शिट्टीच नाही. मिनिटं सांग."

पलीकडे बराच वेळ शांतता. "मिनिटं मी कधी मोजलीत? कुकर लावते, कणीक मळायला घेते. कणीक मळून झाली की चार झालेल्या असतात."

"कणीक मळायला किती वेळ लागतो?"

"ते पोळ्या किती करायच्या त्यावर आहे ना हो!"

आता या उत्तराला चूक कसं म्हणणार? मला एकदम इथला जंतर मंतर आठवला. सवाई जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे एक मराठी पंडित होते. अरबी शिकून त्यांनी टॉलेमी आणि युक्लिड संस्कृतात आणले. जयसिंहांनी उभारलेल्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते. फक्त ती वेळ जयपूरच्या सूर्याची. आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताळमेळ बसवायचा तर तारखेप्रमाणे कधी दहा-बारा, कधी चाळीसच्या आसपास मिनिटं मिळवावी लागतात. पाहुण्यांना हे मी फार ऐटीत समजावून सांगत आलो आहे. पण हिच्या शिट्टीची मिनिटं करायचं कोष्टक जगन्नाथपंडितांनीही केलेलं नव्हतं.

खरं म्हणजे शिट्ट्या मोजा असं कुकर करणाऱ्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि मग घड्याळ बघा, असं त्यांच्या पुस्तिकेत असे. प्रेस्टिज आणि हॉकिन्स दोन्ही १९५९चे. तेव्हापासून आपण ती पुस्तिका फडताळातल्या कागदाखाली सारून शिट्ट्या मोजत आलो. शिट्टी म्हणजे आतल्या वाफेनं वजन उचललं, एवढंच. त्या दाबाला पाणी शंभरावर न उकळता एकशेवीस अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. हा विजेचा गृहस्थ दाब जरा बेतानंच ठेवतो, चार-पाच अंश कमी, त्यामुळे त्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. यातलं काहीही हिला फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तूरडाळ (इथल्या वाण्याकडे 'अरहर' म्हणावं लागतं), हळद, हिंग, पाणी. हळदीघाटी मार्गाच्या इतक्या जवळ राहून वरणात हळद विसरणं शोभलं नसतं. दहा मिनिटं लावली. पडद्यावर 'ऑन' अशी अक्षरं आली आणि तिथंच बसली. पाच मिनिटं, पंधरा, पंचवीस. झाकणाच्या कडेनं वाफेची एक बारीक रेघ निघत होती. मला ती प्रगतीची खूण वाटली. चाळिसाव्या मिनिटाला खमंग आणि मग करपट वास आला. रबराची रिंग मीच धुऊन मोरीवर वाळत घातली होती. ती तिथं निवांत वाळत होती.

दुसऱ्यांदा रिंग होती, पाणी होतं, दिवस संक्रांतीचा होता. जयपुरात संक्रांतीला घरात कुणी नसतं. अख्खं गाव गच्चीवर. लाऊडस्पीकरवर गाणी, 'वो काटा'चा गलका, आणि खाली मी, कुकरसमोर उकिडवा. झाकणावरची मुगाएवढी पिन सुस्कारत थरथरली, दोनदा वर येऊन खाली बसली आणि तिसऱ्यांदा टक्‌ करून वर राहिली. लगेच सगळं शांत. मला अगदी वाळीत टाकल्यासारखं झालं. आपला जुना कुकर कसा, बोलका! फसफसणार, ओट्यावर डाळीचं पिवळं पाणी उडवणार, तळाशी टाकलेल्या लिंबाच्या सालीचा वास सोडणार. हा पिन वर करून मुनीसारखा बसला.

आणि लाइट गेली. कुणाचा तरी मांजा तारांवर पडला असावा. पडदा काळा. झाकण उघडायला गेलो तर हलेना. आत दाब असेपर्यंत ते उघडतच नाही. १६७९मध्ये लंडनला पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं असलं पहिलं भांडं केलं, तेव्हा ते फुटू नये म्हणून त्यानं त्याला वाफ सोडणारी झडपही बसवली होती. पुढे रॉयल सोसायटीच्या मंडळींना त्यातलं जेवणही मिळालं. हाडं म्हणे चीजसारखी मऊ झाली होती. माझ्या डाळीचं काय होतंय हे मात्र कळायला मार्ग नव्हता. पिन वर, झाकण घट्ट, घरात अंधार.

तेवढ्यात शेजारच्या घरात शिट्टी झाली. त्यांच्याकडे गॅसवरचा कुकर. लाइटशी देणंघेणं नाही. मी सवयीनं मोजली. एक. गच्चीवरून कुणीतरी "भाईसाहब, ऊपर आइए, फीणी खाइए" अशी हाक मारली. दुसरी झाली. तिसरीला जरा वेळ लागला, वहिनींनी आच कमी केली असावी.

आणि नेमका हिचा फोन.

"कुकर लावलात?"

"लावला."

"किती झाल्या?"

भिंतीपलीकडे चौथी झाली. "चार," मी म्हणालो.

"मग बंद करा हो," ती म्हणाली. "वाफ आपली आपण जिरू दे. लगेच झाकण उघडू नका."

उघडणार कुठून? मी पिनेकडे बघत बसलो.