बेलीफसाहेबांस आग्रहाचे निमंत्रण

मा. बेलीफसाहेब,


गेल्या गुरुवारी आपण आमच्या दारी आलात आणि सौ.ने आपल्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावले, त्याबद्दल दिलगीर आहे. आलेल्या माणसाला चहा न पाजता परत पाठवणे आमच्या रीतीत बसत नाही. पण आपण आलात पावणेसातला. डिसेंबरात सहालाच दिवेलागण होते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६२ सांगते की सूर्यास्तानंतर नि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी कोणाच्या राहत्या घरात शिरायचे नाही. बाईंना हे कलम तोंडपाठ कसे, असे आपण जाताना पुटपुटलात. साहेब, जिच्या सख्ख्या भावाला नवरा जामीन राहिला आणि तो भाऊ दीड वर्ष ‘बाहेरगावी’ आहे, तिला आणखी काय पाठ असणार?

तरी येत्या आठवड्यात दिवसाउजेडी, वॉरंटासह अवश्य यावे. वॉरंटावर कोर्टाचा सही-शिक्का असतो आणि अंमल कधीपर्यंत करायचा ती तारीखही, म्हणून ते मी चष्मा लावून वाचीन. राग मानू नये. मध्यंतरी सफारी घातलेला एक पोरगा ‘मी वसुलीवाला, कोर्टाकडूनच समजा’ असे म्हणत रात्री नऊला उभा होता. तो निघाला फायनान्स कंपनीचा, तेही शेजाऱ्यांच्या मोटारसायकलसाठी. अशा मंडळींनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोनसुद्धा करायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. समजून चालायला कोर्ट म्हणजे काही सासुरवाडी नव्हे.

दाराला आतून कडी नसेल. एरवी राहत्या घराचे बाहेरचे दार आपल्याला तोडता येत नाही. पण घर ऋणकोच्या ताब्यात असेल आणि तोच वाट अडवून बसला असेल, तर येते. एकदा रीतसर आत आलात की मग खोल्यांच्या दारांनाही तो मान उरत नाही. सुतार हल्ली दाराला हात लावायचे किती घेतो, ते मला ठाऊक आहे.

आता आमचे धनको शेठजी, त्यांच्या माणसाविषयी. तो बोट दाखवतो आणि आपण लिहिता, ही आपली रीत. गुरुवारी तो पायरीवरूनच मोजत होता: “फ्रिज, टीव्ही, मशीन, तो पितळी हंडा, अन् वहिनींच्या गळ्यातलं.” त्याला गाडीतच समजावून आणावे. स्वयंपाकाची भांडी, गरजेचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत ते दागिने कलम ६० ने सोडले आहेत. मशीन शिवणाचे, सौ.च्या नावाचे. पावती पापडाच्या डब्यात आहे आणि हुकूमनामा माझ्यावर आहे, तिच्यावर नाही. ते माझे असते आणि मी शिंपी असतो, तरी कारागिराची अवजारे वगळलेलीच आहेत. शेतकऱ्याचे औत आणि पोटापाण्याला लागतील असे कोर्टाला वाटेल तेवढी जनावरे नि बियाणेही तसेच. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. माझी अवजारे म्हणजे खडू, आणि ते शाळेतच राहिले. पेन्शनलाही हात लावता येत नाही, हे शेठजींना कळले तेव्हा त्यांनी म्हणे दोन दिवस पान खाल्ले नाही.

माझा मुलगा नोकरीत आहे. तो जामीन नाही, म्हणून सुटला. असता, तर पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश त्याचे राहिले असते. म्हणजे २५,००० वर महिन्याला ८,००० कापले गेले असते. हे गणित मी त्याला फळ्यावर मांडून दाखवले. तेव्हापासून तो मामाचा फोन उचलत नाही.

शेठजींचा माणूस एक कागदही नाचवील. ‘घरातील कोणतीही चीजवस्तू जप्त केल्यास माझी हरकत नाही’ असे त्यात लिहिले असून खाली माझी वळणदार सही आहे. कलम ६० चे संरक्षण सोडून देण्याचा करार त्याच कलमाने रद्दबातल ठरवला आहे. अक्षर चांगले असल्याचा मला आयुष्यात तेवढाच एक तोटा झाला.

फ्रिज आणि टीव्ही खुशाल लिहा. पडवीतला कूलर मात्र वरच्या भाडेकरूचा आहे. तरीही जप्तीत धरलात, तर तो बिचारा आदेश २१, नियम ५८ खाली कोर्टात हरकत घेईल, आणि कूलर कोणाचा हे कोर्ट ठरवील. तेव्हा आपण पायरीवर उभे राहून निवाडा करण्याची तसदी घेऊ नये. पंचनाम्यावर ‘फ्रिज एक’ एवढेच नको. कंपनी, रंग, चालू की बंद, सगळे लिहा, मग मी सही करतो. लिलावाची जाहीर सूचना लागल्यापासून, मी लेखी संमती दिल्याशिवाय, जंगम मालाची विक्री सात दिवसांच्या आत होत नाही. आणि हातोडा पडण्याआधी खर्चासकट रक्कम पुढे केली, तर लिलाव तिथेच थांबतो.

रक्कम मात्र कोर्टात भरीन. दिवाळीआधी शेठजींच्या माणसाच्या हातावर पंधरा हजार रोख ठेवले होते. दरखास्तीत त्याचा मागमूस नाही. बाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवून घेतले नाहीत, तर अंमलबजावणी करणारे कोर्ट ते ओळखत नाही. गणित शिकवणाऱ्या मास्तराने पावती घेतली नाही, हे वर्गातल्या पोरांना कळू देऊ नका.

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी लोकांनी सावकारांची खते काढून जाळली. चार वर्षांनी कायदा आला, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी दख्खनच्या शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. आमच्या गल्लीत आगपेटी काढायचा कोणाचा विचार नाही. आम्हाला धास्ती आहे ती टेम्पोची. तो मागे घेताना पीं पीं वाजू लागला की दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरतात. जुन्या फ्रिजचे लिलावात असे किती येणार? शेठजींना फ्रिज नकोच आहे, साहेब. त्यांना ते वाजणे हवे आहे, आणि त्याला सोडणारे कलम मला सबंध संहितेत सापडले नाही.

चहा साखरेचा की बिनसाखरेचा, ते कळवावे.

आपला नम्र,
एक जामीनदार

ता. क. टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच उभा करावा. फ्रिज तिथवर मी स्वतः ढकलत आणतो. खाली चाके आहेत, फक्त मागचे डावे अधूनमधून निघते, तेवढे पंचनाम्यात लिहून घ्यावे.