चौदाव्या मिनिटाला एक गोणी

ट्रक चालवणाऱ्यानं माल स्वतः उतरवायचा का, या प्रश्नावर मालवाले, गोदामवाले आणि ट्रान्सपोर्टवाले यांचं दुर्मीळ एकमत आहे. छे, ड्रायव्हरनं कशाला उतरवायचा? त्यानं फक्त उतरवण्याचे पैसे द्यायचे.

कायद्याला मात्र हा प्रश्न इतका सोपा वाटला नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ सालचा. त्यानं ड्रायव्हरला दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास आखून दिले, आणि मग काम कशाला म्हणायचं ते सांगितलं. गाडी चालवणं हे काम. गाडीत माल भरणं आणि उतरवणं हेही काम. दुय्यम, पण काम. आणि मुक्कामाच्या ठिकाणी नुसतं थांबून राहणं? तेही काम, मात्र १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तरच.

१५ मिनिटं! न्हावा शेवा बंदराच्या रांगेत १५ मिनिटांत ड्रायव्हरचा स्टोव्हसुद्धा पेटत नाही. करळ फाट्यापासून पुढे ज्यानं ट्रेलर उभा केला, त्याला वेळ विचारली तर तो घड्याळ बघत नाही, आज कुठला वार आहे ते आठवतो. पण कायदा पक्का. १४ मिनिटं ताटकळलात तर तुम्ही कामगार. रात्रभर ताटकळलात तर तुम्ही उनाड.

यावर हुशार ड्रायव्हरला एकच उपाय उरतो. १३ मिनिटं केबिनमध्ये बसावं, चौदाव्याला खाली उतरावं, एक गोणी उचलून दोन पावलं पलीकडे ठेवावी आणि परत केबिनमध्ये जाऊन बसावं. गोणी उचलली की माल उतरवण्याचं दुय्यम काम झालं, घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. ८ तासांच्या पाळीत अशा ३४ गोण्या होतात. पस्तिसाव्या गोणीपासून ओव्हरटाइम. गोदामात यासाठी शाळेसारखी घंटा बसवता येईल. टोल पडला की रांगेतले सगळे ड्रायव्हर एकदम खाली उतरतील, एकेक गोणी उचलतील आणि हजेरी लावून पुन्हा वर चढतील. सगळा माल उतरून झाला आणि पुढच्या गाडीचा नंबर लागलेला नसेल, तर त्याच गोण्या पुन्हा चढवायला कायद्याची काहीच हरकत नसावी. माल भरणंही कामातच मोजलं आहे. ज्याची स्वतःची एकच गाडी आहे आणि जो स्वतःच ती चालवतो, त्यानं मात्र घंटेकडे लक्ष देऊ नये. हा कायदा ५ किंवा अधिक कामगारांच्या धंद्यालाच लागू होता. एकट्यानं कितीही गोण्या उचलाव्यात, कुणी मोजणार नाही. हे शहाणपण ६४ वर्षं टिकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेनं हा कायदा पोटात घेतला. रांग होती तिथेच आहे.

बंदराच्या आतलं जग वेगळं. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरानं २०२४-२५ मध्ये, २० फुटी डब्याच्या मापानं, ७० लाखांहून जास्त कंटेनर हाताळले. ३० टनांचा डबा क्रेन चिमटीत धरल्यासारखा जहाजातून उचलते आणि खाली ठेवते. तिथे जहाजाच्या कप्तानाला कुणी म्हणत नाही, 'कप्तानसाहेब, हमाली काढा, मगच सही.' डबा ट्रेलरवर बसला की ड्रायव्हर खाली उतरतो, चारी कोपऱ्यांतले लॉक हातानं फिरवतो, एकेक ओढून बघतो आणि निघतो. इथवर माणूस आणि यंत्र यांच्यात कसलंही भांडण नाही.

भांडण भिवंडीतल्या गोदामापाशी सुरू होतं. कटरनं सील तोडतात, दार उघडतं, आतली कोंडलेली गरम हवा तोंडावर येते. समोर तळापासून छतापर्यंत खोकी. पॅलेट नाही, कारण पॅलेट जागा खातं आणि जागेचे पैसे पडतात. फोर्कलिफ्टचे दात घालायला फट नाही. म्हणजे सगळा डबा हातानंच खाली करायचा. मग इतका वेळ 'ए ड्रायव्हर' म्हणणारा सुपरवायझर एकदम घरगुती होतो.

'मामा, वाराई?'

'माल तुमचा, साहेब.'

'गाडी तुमची ना?'

वाराई, म्हणजे माल उतरवण्याचे पैसे, दिली नाही तर गाडी खाली होत नाही. गाडी खाली झाली नाही तर पोचेवर सही मिळत नाही. सहीची पोच हातात नसेल तर ट्रान्सपोर्टवाला बाकी भाडं सोडत नाही. तिघांपैकी कुणीही दमदाटी करत नाही. सगळे आपापल्या नियमानं चालतात. पैसे मामांच्या खिशातून जातात आणि बदल्यात वहीतून फाडलेला एक चतकोर कागद मिळतो. त्यावर रक्कम असते. नाव, शिक्का, तारीख यांना कागदावर जागा पुरत नसावी.

हाच न्याय लग्नाला लावून बघावा. वऱ्हाडाची गाडी मांडवाशी आली की मुलीकडच्यांनी चालकाला गाठायचं. वऱ्हाडी तुम्ही आणलेत, तेव्हा उतरवायची माणसंही तुम्हीच लावा. नवऱ्या मुलाचा दर वेगळा, कारण नाजूक माल. करवलीचा आणखी वेगळा. विहीणबाई स्वतःहून उतरल्या तरी त्यांचे पैसे लागतीलच, कारण उतरायला माणसं हजर होती. तक्रार असेल तर अक्षता पडल्यावर बोला, तोवर पोच नाही.

वाहतूकदारांची घोषणा जुनी आहे: ज्याचा माल, त्याचा हमाल. चार शब्दांत सगळं आलं. यात हमालाशी वैर नाही. पाठीवर ओझं वाहणाऱ्याला हक्काची मजुरी मिळावी म्हणून महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला. तो लागू आहे तिथे नोंदीत कामगारानं माल उचलायचा आणि मालकानं मजुरी मंडळामार्फत द्यायची. ड्रायव्हर त्यात कुठेच नाही, देणाराही नाही आणि उचलणाराही नाही. हमालाला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. ते दुसऱ्या घामेजलेल्या माणसाच्या खिशातून काढून मालवाला स्वतः नामानिराळा राहतो, राग त्याचा येतो.

अमेरिकेत १९८० पासून कायदा आहे की ट्रकवाल्याला माल उतरवायला भाग पाडता येत नाही. ज्याला मदत हवी त्यानं माणूस द्यावा, नाहीतर मोबदला द्यावा. स्पेननं सप्टेंबर २०२२ पासून साडेसात टनांवरच्या बहुतेक गाड्यांच्या चालकांना मालाला हात लावायलाच मनाई केली. आपल्याकडेही उतराईचा खर्च कुणाचा हे मोटार वाहन कायद्यात लिहिलेलं आहे, फक्त गाडी ओव्हरलोड सापडली तर: ती चालवणाऱ्याला किंवा चालवायला लावणाऱ्याला २० हजार रुपये दंड, जादा टनामागे २ हजार, आणि वर जादा माल उतरवण्याचा खर्च. डबा भरताना ड्रायव्हरला आत डोकावू दिलं जात नाही, ही गोष्ट वेगळी.

डोकावण्याचं निघालंच आहे, तर गोदामांच्या फाटकांवरच्या पाट्याही वाचाव्यात. 'ड्रायव्हर-क्लीनर यांना आत प्रवेश नाही.' दोन दिवस बाहेर उभ्या असलेल्या माणसानं संडासाला कुठे जायचं, असं विचारलं की वॉचमन झुडपांकडे बोट दाखवतो. आत स्टाफसाठी टाइल्स लावलेली चार शौचालयं असतात. पण हमाल कमी आले आणि संध्याकाळच्या आत डबा रिकामा व्हायला हवा असला की तीच पाटी ओलांडून मामांना आत बोलावतात, हातमोज्यांशिवाय खोकी ओढायला लावतात. खोकी ओढायला प्रवेश आहे, हात धुवायला नाही! लाज नावाची वस्तू कुठल्याच बिल्टीवर लिहिलेली नसते.

सरकारनं ड्रायव्हरसाठी काहीच केलं नाही असं नाही. २०२५ मध्ये नव्यानं तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. एसी इंजिनावर चालतो, इंजिन डिझेलवर चालतं, आणि उभ्या गाडीत जळालेल्या डिझेलचा हिशेब मालक ड्रायव्हरकडे मागतो. म्हणून न्हावा शेव्याच्या रांगेत नव्या कोऱ्या एसी ट्रकच्याही काचा उघड्या दिसल्या तर नवल नाही. सुपरवायझरचं म्हणणं मात्र आत्ताच बदललं आहे: 'एवढी थंड गाडी मिळाली, मामा. आता तरी वाराईवरून भांडू नका.'