अण्णा गाडी बघतात

कोणी जुना ट्रक घ्यायचं नुसतं मनात आणलं, की म्हैसूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात अण्णांना कळतं. बोलवावं लागत नाही. ते येतातच.

बन्नीमंटपला मेहुण्यासाठी एक टाटा बघायला गेलो. मालकाने आधीच इंजिन तापवून ठेवलेलं. अण्णांनी रेडिएटरला हात लावला आणि सावलीत बसकण मारली. "गार होऊ दे. तापलेलं इंजिन कुणाचंही लगेच सुरू होतं." दुपार गेली. मग डिपस्टिक काढून ऑइल दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि हात माझ्यापुढे केला. "रुमाल?"

दिला.

मीटर 1,80,000 किलोमीटर दाखवत होतं. क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून खालचं लोखंड चकाकत होतं. "मीटर मागे फिरवता येतं, पाय कसा फिरवणार?" इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून धुराचा भपकारा. "रिंगा गेल्या. रुमाल?" या वेळी मेहुण्याचा गेला.

मालकाशी कन्नडमध्ये गोड, आमच्याशी मराठीत खरं, अशी त्यांची विभागणी आहे. आठ वर्षांवरच्या ट्रकला दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. मालकाने तो कागद देव्हाऱ्यातल्या तसबिरीसारखा दोन्ही हातांनी पुढे धरला. अण्णा म्हणाले, "कागद फिट आहे. आता गाडी दाखवा." छाशीचा नंबर पेन्सिल घासून उतरवला, आरसीशी ताडून पाहिला, आणि पेन्सिलीची काजळी? तिसरा रुमाल मालकाचा.

वैताग येतो हो. पण मंड्याचा ऊस ओढलेला एक ट्रक आमच्यातलाच एक पोरगा घेत होता, आईचे दागिने गहाण टाकून. गाडी चकाचक. अण्णा साठीच्या गुडघ्यांनी खाली सरपटले, मागच्या अ‍ॅक्सलजवळ छाशीवरचा ताजा काळा रंग किल्लीने खरवडला. खाली वेल्डिंग, आणि वेल्डिंगलाही चीर. "हप्ता तू भरशील. छाशी मोडली तर भर रस्त्यात काय करशील?" पोरगा रडकुंडीला आला. अण्णांनी रुमाल मागितला नाही. हात स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला पुसले. पुढे त्याला घेऊन गॅरेजं पालथी घातली, दुसरी गाडी शोधून दिली, आरसीवरचा आधीच्या मालकाचा कर्जाचा बोजासुद्धा उतरवून घेतला.

ती गाडी आज नंजनगूडच्या कारखान्यांचा माल वाहते. अण्णांनी दलालीचा रुपया घेतला नाही. आमचे रुमालही परत दिलेले नाहीत.