वकीलसाहेबांचं तीन पंख्यांचं कार्ड

“अगं, वकिलांकडे काल परत खोकं आलं म्हणे!” माईंनी भिंतीपलीकडे चादर झटकता झटकता सुरुवात केली. “आता काय घेतलं?”

“कॅबिनेट. कॉम्प्युटरचा अख्खा डबा नवा.”

“डबा? त्यांनी तर नुसते दोन मोठे स्क्रीन आणले होते ना? एकावर अशिलाची फाइल आणि दुसऱ्यावर ते व्हिडिओवरचं कोर्ट, असं वकीलीणबाईच सांगत होत्या.”

“तिथूनच सुरू झालं सगळं. स्क्रीन फोर-के. कॉम्प्युटर दहा-अकरा वर्षांचा. एक स्क्रीन जोडला तर माऊस नुसता रखडायला लागला. दुसऱ्याला तर नीट पोर्टच नाही. मग दुकानदार म्हणाला, कार्ड टाका. तीन पंख्यांचं कार्ड दिलं. ते हातभर लांब, जुन्या डब्यात हार्ड डिस्कच्या कप्प्याला जाऊन अडलं. त्याला वेगळी वीज लागते, ती द्यायला एसएमपीएसला वायरच नव्हती. म्हणून एसएमपीएस नवा, म्हणून डबा नवा.”

“म्हणजे बटणासाठी शर्ट,” माई म्हणाल्या. “आणि आता तरी चालतंय का?”

“एक स्क्रीन चालतोय. दुसरा अजून रखडतोय.”

माईंना हे ऐकून झालेला आनंद त्यांनी चादरीआड दडवला. वकिलांनी मागच्या वर्षी सोसायटीच्या सभेत त्यांना ‘आपला मुद्दा विषयाला सोडून आहे’ असं ऐकवलं होतं.

“पण तूसुद्धा दोन घेतलेस की तसलेच! तुझ्याकडे काही खोकी येताना दिसली नाहीत.”

“माझं एकच आलं. एवढंसं.” मी हाताची वीत दाखवली. “आणि माई, माझा कॉम्प्युटर वकिलांच्याच वयाचा आहे. म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरच्या.”

“मग?”

“मग काय, भाच्यानं आधी डबा भिंतीपासून ओढून मागचे पोर्ट बघितले. आतलं काही बघायच्या आधी. माझ्या मशीनला मागे दोनच होते. एक तो निळा, पंधरा टाचण्यांचा व्हीजीए. तो आयबीएमनं १९८७ साली आणलेला, माझ्या लग्नाच्या आधीचा! दुसरा एचडीएमआय, पण जुना, १.४ आवृत्तीचा. त्यातून फोर-के चित्र जातं, पण सेकंदाला तीसच वेळा. साठ वेळा गेलं तर डोळ्यांना सहज वाटतं. तीस म्हटलं की बाण हाताच्या मागून येतो.”

“तीसच का? आतला माल कमी ताकदीचा म्हणून?”

“नाही ना! हेच तर दुकानदार सांगत नाही. हिशोब सोपा आहे. फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. गुणाकार केला की जवळजवळ ८३ लाख. साध्या फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. सेकंदाला साठदा पाठवायचं तर झाले साधारण १,२०० कोटी बिट. आणि एचडीएमआय १.४ मधून चित्राचे जास्तीत जास्त ८१६ कोटी जातात. मग निम्म्यावर येतो, तीसवर.”

“म्हणजे गच्चीवरची टाकी भरलेली, पण नळ अर्ध्या इंचाचा.”

“अगदी. आणि वकिलांनी नळाऐवजी टाकी बदलली.”

माई चादर दोरीवर टाकून भिंतीजवळ आल्या. आता चिमटे लावायचे राहिले तरी चालणार होतं.

“मग तू नळ कुठला घेतलास?”

“डिस्प्ले-पोर्ट. त्याच्या १.२ आवृत्तीतूनच १,७२८ कोटी जातात. पुढच्या आवृत्त्या तर आणखी मोठ्या. नाहीतर एचडीएमआय २.० हवा, २०१३ नंतरचा. असे दोन पोर्ट मागे असलेलं सगळ्यात साधं कार्ड शोधायचं, एवढंच काम. भाच्यानं एनव्हिडियाचं टी-४०० दिलं. त्याला तीन बारके डिस्प्ले-पोर्ट आहेत, पंखा एकच, तोही बारका. वीज ३० वॉट खातं, आपल्या जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी. मदरबोर्डचा स्लॉट स्वतःच ७५ वॉटपर्यंत देतो, म्हणून वेगळी वायर नको, एसएमपीएस नवा नको.”

“आणि ते वकिलांच्या कार्डाची मेमरी बारा जीबी की काय? दुकानदारानं म्हणे छातीठोकपणे सांगितलं, दोन मोठे स्क्रीन म्हणजे एवढी लागतेच.”

“फोर-के चं एक अख्खं चित्र साठवायला ३३ एमबी लागतात, माई. दोन स्क्रीनचे ६६. विंडोज स्वतःसाठी आणखी बरंच घेतं, ते धरलं तरी कागदपत्रं आणि पानं लावायच्या कामाला दोन-चार जीबी रग्गड. बारा जीबी लागते ती गेमवाल्यांना, थ्रीडी काम करणाऱ्यांना. वकिलांनी काय खुनाचा प्रसंग थ्रीडीत उभा करायचाय?”

“हळू! त्यांची खिडकी उघडी आहे.” माईंनी मान वळवून खात्री केली. “पण मला एक कळत नाही. तुला तरी एवढे मोठे स्क्रीन कशाला? एवढी वर्षं त्या डब्यासारख्या मॉनिटरवर दिवाळी अंक लावलेसच की.”

“लावले. आणि चष्म्याचे नंबर वाढवले. जुन्या स्क्रीनवर बारा पॉइंटच्या मजकुरात ‘घ’ की ‘ध’, ‘भ’ की ‘म’ हे बघायला पान मोठं करायचं, बघायचं, परत लहान करायचं. रफार आणि अनुस्वार शेजारीशेजारी आले की दोघांचा मिळून एक डाग दिसायचा. सत्तावीस इंची फुल एचडी स्क्रीनवर एका इंचात ८२ ठिपके बसतात. तेवढ्याच फोर-के स्क्रीनवर १६३. आता डावीकडे लेखकाचं हस्तलिखित, उजवीकडे पान. ‘सर्वांगीण’मधला रफार वेगळा आणि अनुस्वार वेगळा दिसतो. रोमन अक्षरांवाल्यांना काय, त्यांची गंमत एका ओळीत संपते. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. जास्त ठिपक्यांचा खरा फायदा आपल्याला.”

“म्हणजे सगळं छान छानच?”

“छे! पहिल्या दिवशी जुनं पेजमेकर उघडलं तर मेनूतली अक्षरं दिसेचनात. ते सॉफ्टवेअर २००१ च्या सुमाराचं. तेव्हा असले स्क्रीन कुणाच्या स्वप्नात नव्हते, त्यामुळे ठिपके वाढले की त्याच्या खुणा बारीक होतात. मग भाच्यानं त्या प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कंपॅटिबिलिटीत एक खूण केली, मोठं करायचं काम विंडोजनं करावं म्हणून. आता दिसतं, पण जरा धूसर. जुने अंक उघडायचे तर ते चालवून घ्यायचं. नवे मी युनिकोडमध्येच लावते.”

“बसवायला त्रास झाला असेल ना? मला त्या डब्याच्या आत हात घालायचा म्हटलं तरी धडकी भरते.”

“मी समोर उभी होते. आधी प्लग काढला. मग पॉवरचं बटण दाबून धरलं, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, अंगातली स्थिर वीज उतरायला. मग ब्लोअर मारला. माई, आतून निघालेल्या धुळीत आमच्या आधीच्या मांजराचे केस होते, ते जाऊन सहा वर्षं झाली! मागची पट्टी स्क्रू काढून बाहेर घेतली, कार्ड लांब स्लॉटवर सरळ धरलं, दोन्ही टोकांवर सारखा दाब. टोकाची खिट्टी कट्ट करून वर आली की बसलं. पट्टीला स्क्रू परत. चहा निवायच्या आत काम झालं.”

“आणि लगेच चाललं?”

“चाललं, पण एक स्क्रीन तीसवरच उठला. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्ले-पोर्टची जुनी आवृत्ती निवडलेली होती, ती बदलली. मग विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन साठ केलं. ही दोन ठिकाणं न बघताच लोक कार्डाच्या नावानं खडे फोडतात.”

“वकिलांचंही तेच झालंय का?”

“त्यांचं त्याहून भारी. परवा भाचा बघून आला. एका स्क्रीनची वायर नव्या कार्डाला, दुसऱ्याची सवयीनं मदरबोर्डच्या जुन्याच एचडीएमआयला! तीन पंखे फिरतायत आणि दुसरा स्क्रीन अजून जुन्याच पोर्टवर. त्यांच्या बोर्डात दोन्ही चालू ठेवायची सोय आहे म्हणून चित्र तरी आलं. बऱ्याच ठिकाणी कार्ड बसलं की जुना पोर्ट बंदच पडतो.”

माई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. “मग भाच्यानं सांगितलं नाही?”

“सांगितलं. वकील म्हणाले, ‘दुकानदार उद्या येतोय, त्याचं म्हणणं ऐकून मग निर्णय घेऊ.’ आता दुकानदार नवा मदरबोर्ड नाही का सुचवणार?”

“पण मी म्हणते,” माई एकदम व्यवहारावर आल्या, “एवढ्या जुन्या यंत्रावर पैसे घालायचेच कशाला? विंडोज दहाचं तर सगळं बंद झालं म्हणे.”

“खरंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा सपोर्ट संपवला, आणि विंडोज अकराला आमच्यासारखे चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर चालत नाहीत. म्हणून तर खर्च असा करायचा की पुढं नेता यावा. मॉनिटर पुढच्या मशीनला लागतील, कार्डही लागेल. स्लॉट तोच आहे, जुनं कार्ड नव्यात आणि नवं जुन्यात बसतं. एसएमपीएस आणि डब्यावर घातलेले पैसे मात्र नव्या मशीनबरोबर येतीलच असं नाही. आणि बँकेचं काम मी आता त्यावर करत नाही, ते लॅपटॉपवर.”

“आणि आमच्याकडे? ह्यांना शेअर बाजारासाठी दोन स्क्रीन हवेत. साधेच, फुल एचडी.”

“मग कार्डच नको. तुमच्या मशीनचा व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही एकदम चालतात. वायर तेवढी चांगली घ्या. काकांना सांगा, दुकानात जायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो काढून न्या. आणि कार्ड घ्यायची वेळ आलीच तर नुसतं नाव बघू नका. जीटी-१०३० या एकाच नावाची काही कार्डं एचडीएमआय आणि डिस्प्ले-पोर्टची येतात, काही एचडीएमआय आणि जुन्या डीव्हीआयची. डीव्हीआयमधून फोर-के साठवर येत नाही.”

माईंनी चिमट्यांची टोपली उचलली, परत ठेवली. काहीतरी ओठांवर होतं.

“अगं, खरं म्हणजे मी वेगळंच विचारायला आले होते. वकीलीणबाई म्हणत होत्या, कंटाळून ते कार्ड विकायला काढणार आहेत. नातू मे महिन्यात येतोय, त्याला गेमचं वेड. अर्ध्या किमतीत मिळालं तर घेऊ का?”

“माई! मघापासून हसताय आणि सौदा ठरवताय?”

“हसले म्हणून भाव कमी होतो का बघायचा होता.”

“घ्या की. गेमसाठी ते कार्ड उत्तम आहे. पण एसएमपीएस आणि डबाही त्याच किमतीत मागा, त्याशिवाय ते तुमच्याकडे बसणार नाही. आणि आज संध्याकाळीच जा.”

“आजच का गं?”

“उद्या दुकानदार येणार. त्यानं वायर बदलली आणि दुसरा स्क्रीन चालायला लागला, तर वकील ते कार्ड कशाला विकतील?”