अतिवेगवान प्रोटोकॉल घरच्या घरी

साहित्य: १० गिगाबिटची एक लाइन, समुद्राच्या अल्याड-पल्याड एकेक कॉम्प्युटर, लिनक्सच्या कर्नलमध्ये हात घालायला न घाबरणारे तीन-चार पीएचडीचे विद्यार्थी. चहा वेगळा.

१. दुखणे शोधावे. दुखण्याशिवाय अनुदान मिळत नाही. १९८६चे उत्तम आहे: लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा ते बर्कली विद्यापीठ, अंतर ४०० यार्ड, आणि वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून थेट ४० बिटांवर. लाइन धड होती. गर्दीत पॅकेटे हरवायची, हरवली म्हणून सगळे ती पुन्हा पाठवायचे, की गर्दी आणखी वाढायची. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी १९८८ साली यावर उतारा छापला. त्यातून इंटरनेटच्या मालवाहू प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे टीसीपीत, रूढ झालेला नियम असा: पॅकेट हरवले की वाटेवरचा माल निम्मा करावा, मग दर फेरीला (पॅकेट जाऊन त्याची पोच परत येईपर्यंत एक फेरी) एकेक पॅकेट वाढवावे.

२. तोच नियम वेगवान लाइनवर लावून बघावा. सॅली फ्लॉइड यांनी २००३ साली हिशेब मांडूनच ठेवला आहे: १० गिगाबिट, १,५०० बाइटांची पॅकेटे, फेरीला १०० मिलिसेकंद, तर लाइन भरायला ८३,३३३ पॅकेटे वाटेवर हवीत. एक हरवले की निम्मी. एकेकाने भर घालत पूर्वपदावर यायला तासाहून जास्त. वेग टिकवायचा तर ५०० कोटी पॅकेटांमागे फार तर एकदा ठेच लागलेली चालेल.

३. नाव ठेवावे. अल्गोरिदम मागाहून सुचतो. 'फास्ट' कॅल्टेकने घेतले, 'बिक' आणि 'क्युबिक' नॉर्थ कॅरोलायना स्टेटने. उरलेल्यांतून निवडावे.

४. सूत्र बसवावे. क्युबिकची युक्ती अभ्यासावी: मागची ठेच लागून किती वेळ झाला, त्यावर माल ठरतो. आधी झपाट्याने चढतो, ठेचेच्या जागी आला की पाय जपून टाकतो, कोणी अडवले नाही तर पुन्हा सुटतो.

५. आलेख काढावा, तोही रिकाम्या लाइनवर. तिथे कोणताही प्रोटोकॉल देखणा दिसतो. परीक्षकाने शेजारच्या जुन्या टीसीपीचे काय झाले असे विचारले, तर 'पुढील संशोधनाचा विषय' लिहावे. पंगतीत शेजारच्याच्या पानातली जिलबी उचलणाराही भराभर जेवतो. त्याला कोणी पाककुशल म्हणत नाही. वाटेवरचे रूटर सहसा तोंडाने 'पुरे' म्हणत नाहीत. न आलेल्या पोचेवरून आपणच ओळखायचे आणि हात आखडायचा. कसब तेवढेच आहे.

६. वाट बघावी. क्युबिक २००६ साली लिनक्समध्ये मुक्कामाला आला. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या मानक-मालिकेत त्याला जागा मिळाली २०२३ साली.

७. घाई असेल तर मोठ्या कंपनीत जावे. गूगलच्या चमूने २०१६ साली 'बीबीआर' मांडला; त्यात जेकबसनही होते. हा हरवण्याची वाट बघत नाही, लाइनची क्षमता आणि फेरीचा वेळ स्वतःच मोजतो. त्याच्या पहिल्या आवृत्तीवर तक्रार काय आली? शेजारच्या क्युबिकचा वाटा खातो.

पाचवी पायरी पुन्हा वाचावी. या वेळी चेष्टा न समजता.