ताबा सहा महिन्यांनी

खालची दाढ जाऊन चार वर्षं झाली आणि तिच्या मागोमाग जबड्याचं हाडही झिजलं. एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाया खचलाय. हाडाची भर घालू, त्यातच टायटॅनियमचा स्क्रू बसवू. वरचा मजला नंतर."

मी सवयीने विचारलं, "ताबा कधी?"

"सहा महिन्यांनी. हाड स्क्रूला धरायला तेवढा वेळ घेतंच."

घरी आईचा एकच प्रश्न, "हाड कुणाचं?" गुरांच्या हाडापासून केलेली भुकटीही मिळते, हे मी गिळून टाकलं. "कृत्रिम आहे गं, कॅल्शियम-फॉस्फेटचं. पांढरे बारीक दाणे."

"म्हणजे रांगोळीच," म्हणत ती निर्धास्त झाली.

रांगोळी भरून, टाके घालून मी घरी आलो. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही. रक्ताची गुठळी निसटते म्हणे. गावभरच्या 'येथे थुंकू नये' पाट्यांना जे साधलं नाही, ते दवाखान्यातल्या सूचनांच्या चिटोऱ्याने साधलं.

अ‍ॅमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा, पाच दिवस. म्हणजे पंधरा कॅप्सूल. तिसऱ्या दिवशी गाल असा फुगला, की एका बाजूने मी खात्यापित्या घरचा दिसू लागलो. सूज दोन-तीन दिवस चढते, मग उतरते, हे आधीच सांगितलेलं होतं. तरी मी आरशासमोरून हललो नाही. चौथ्या दिवशी सकाळी सूज ओसरली. पाकिटात सहा कॅप्सूल शिल्लक. तेवढ्यात शेजारचे काका आले.

"बरं वाटतंय ना? मग उरलेल्या मला द्या. सर्दीने घसा धरलाय."

माझा हात पाकिटाकडे गेलाही होता.

"अहो! पाच दिवस म्हणजे पाच दिवस," आतून आवाज आला. "आणि काका, सर्दीला या गोळ्यांचा काय उपयोग? गुळण्या करा."

अपुरा डोस घेतला तर जंतू औषधाला सरावतात, असा इशारा पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगनी १९४५ सालीच नोबेलच्या भाषणात दिला होता. त्यांना नोबेल मिळालं. आमच्याकडे त्याच वाक्यावर सहा कॅप्सूल मोजून माझ्या हातावर पडल्या, दोन दिवसांत, वेळच्या वेळी.

दहाव्या दिवशी टाके निघाले. त्या संध्याकाळी काका फुटाण्यांचा पुडा घेऊन आले. "घसा मोकळा झाला हो, गुळण्यांनीच!" म्हणत समोर बसून कुडुमकुडुम खाऊ लागले.

चणे त्यांचे, दातही त्यांचे. माझ्यापुढे मऊभात, आणि ताब्याला अजून साडेपाच महिन्यांच्या वर.