ओला चमचा

आष्ट्यात हळदीची पुडी विकत आणणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर घरातून भांडून वेगळा राहिलेला. उसाच्या सरीतून मान वर काढली की शेजारच्या रानात हळदच दिसते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला त्याचं फार नवल वाटलं नाही. आपल्या आईला चांगला स्वयंपाक येतो, हे सरकारी कागदावर वाचून कुणाला नवल वाटतं?

अशा गावातला मी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

घरात लग्न होतं. पुतणीनं कोरफडीचा गर, काकडीचा रस, लिंबू आणि घरची हळद मिक्सरमधून फिरवून जॅमच्या रिकाम्या बरणीत भरली आणि फ्रीजमध्ये ठेवली. "काका, महिनाभर पुरतंय. केमिकल एकसुद्धा नाही." केमिकल नाही म्हटल्यावर मला धीर आला. भर दुपारी ते तोंडाला फासून मी अंगणात पेपर वाचत बसलो.

"या वयात पुन्हा हळद लागली व्हय?" बायको म्हणाली. संध्याकाळी मान चुरचुरायला लागली. दुसऱ्या दिवशी गाल लाल आणि कान पिवळे. ज्या टॉवेलनं तोंड पुसलं, त्याला बायकोनं साबण लावला तर तोही लालभडक. क्षार लागला की हळद लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळं. पण टॉवेलाला कुंकू लागलेलं बघायची आमच्या घरात सवय नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, "काय लावलं होतं?"

"काही नाही, घरचंच."

"मिरचीपण घरचीच असते की. डोळ्यात घालता का?"

मग त्यांनी समजावलं. आंबटपणा मोजायच्या पट्टीवर माणसाची कातडी पाचाच्या आसपास असते आणि लिंबू दोनाच्या. आकडा जितका खाली तितकं आंबट, आणि एकेका आकड्यात दहा पटींचा फरक. त्यात लिंबाचा रस अंगावर ठेवून उन्हात बसलं, तर भाजल्यासारखं होतं आणि काळे डाग कितीतरी दिवस हटत नाहीत. "लावायचंच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावा आणि दोन दिवस वाट बघा." दोन दिवस थांबायचं म्हणजे लग्न होऊन वरात जायची.

घरी येताना मला आईचं उटणं आठवलं. तेही घरचंच, पण डब्यात कोरडं ठणठणीत. आंघोळीपुरतं तळहातावर भिजवायचं, चोळायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. भिजवलेलं उटणं आईनं उद्यासाठी ठेवल्याचं मला आठवत नाही. हळदीचंही तेच. शिजवायची आणि हळकुंड हातात खुळखुळेपर्यंत उन्हात वाळवायची. तशी वाळली म्हणून तर हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली ती वर्षानुवर्षं टिकायची. ओल राहिली की बुरशी आलीच. दुकानातल्या क्रीममध्ये पाणी असतं, तसं ते नासू नये म्हणून घातलेलं औषधही असतं. आम्ही त्यातलं पाणी तेवढं घेतलं आणि औषधाला केमिकल म्हणून नावं ठेवली.

नवव्या दिवशी पुतणीनं बरणी उघडली. वर करडी लव धरली होती. फ्रीजनं बुरशीला उशीर केला होता, अडवलं नव्हतं.

आईनं बरणी उजेडात धरली. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला तर जेवणावरून उठवणारी बाई ती. तिनं एकच विचारलं, "चमचा ओला घातलीस व्हय गं?"

पुतणी हळूच म्हणाली, "आज्जी, चमचा कोरडाच होता. आतलंच सगळं ओलं होतं."